ताटाखालचा लाल ठिपका

हे लिहायला घेतलं तेव्हा माझा नवरा अविनाश म्हणाला, "लिही, पण जरा सौम्य लिही." सौम्य हवं असेल तर त्याने लिहावं. आजार मला झाला होता, तेव्हा लिहिणार मी, आणि माझ्या पद्धतीने. मोठ्या आजारातून उठलेलं माणूस शांत होतं, सगळ्यांना माफ करतं, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. माझं तसं काही झालं नाही. मी बरी झाले आणि राग तेवढा शिल्लक राहिला.

आजाराचं नाव आधीच सांगून टाकते, कारण ते न सांगण्यातच आमच्या घराचे पाच-सहा महिने गेले. मला कुष्ठरोग झाला होता. आता नाही. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला आहे. हे वाचून ज्यांनी हातातला कागद नकळत थोडा लांब धरला असेल, त्यांनी तर पुढे वाचाच.

पिशवीचा खेळ

मी दिग्रसच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. चित्रकलेत 'पोत' नावाचा एक भाग असतो. वस्तू हाताला कशी लागते, ते डोळ्यांना दिसेल असं काढायचं. मुलांना आकार जमतो. सूप काढतात, तांब्या काढतात, गोणपाट काढतात, आणि मग तिन्हींमध्ये सारखीच काळी सावली घासून मोकळी होतात. सुपाची वीण गेली, गोणपाटाचे धागे गेले, तांब्यावरच्या ठोक्यांची नक्षी गेली. सगळं कसं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत.

म्हणून मी एक खेळ घेते. कापडी पिशवीत घरातल्या पाच-सहा वस्तू टाकायच्या, न बघता आत हात घालायचा, ओळखायचं, आणि हाताला जे लागलं तेच कागदावर काढायचं. "आधी हाताने बघा, मग डोळ्याने," हे माझं ठरलेलं वाक्य. मुलं माझ्या पाठीमागे त्याची नक्कल करतात, ते मला माहीत आहे.

त्या दिवशी आठवीचा वर्ग होता. पिशवी मुलींनी भरली होती आणि पहिला हात मी घातला. उजवा. काहीतरी मऊ, गुंडाळलेलं लागलं. मी म्हटलं, "सुती कापड." बाहेर काढलं तर नारळाची शेंडी. वर्ग हसला. मीही हसले. पुन्हा हात घातला. थंड, सपाट, गुळगुळीत. "स्टीलची झाकणी," मी म्हटलं आणि बाहेर काढली.

ती किसणी होती.

"मॅडम, तुम्ही मुद्दाम करून राह्यल्या न?" पुढच्या बाकावरची मुलगी खिदळत म्हणाली. आणि लगेच तिचा चेहरा बदलला. "मॅडम, रक्त!"

माझ्या दोन बोटांची सालं निघाली होती. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. मी ते बघत उभी राहिले, कारण मला काहीही दुखत नव्हतं.

एक बॉलपेन

आता सगळ्यात जास्त राग कशाचा, ते सांगते. त्या दिवसाच्या दीड वर्ष आधीपासून माझ्या उजव्या हाताच्या पुढच्या भागावर एक फिकट डाग होता. आधी नखाएवढा, मग सुपारीएवढा, पुढे पोळीच्या उंड्याएवढा. खाज नाही, आग नाही. मी गावातल्या एका डॉक्टरांना दाखवला. त्यांनी खुर्चीतूनच बघितलं आणि गजकर्णाचं मलम दिलं. मलम संपलं की दुसरं मलम. मधे एकदा "रंगकाम करता न तुम्ही, त्याची ॲलर्जी असते" असंही ऐकलं. ते मला इतकं पटलं की मी टर्पेंटाइनची बाटलीच घराबाहेर काढली. शिकलेली बाई! तव्यावर दोनदा बोट भाजलं, फोड आला तेव्हा कळलं, तरी मी म्हणत होते, खडू-पेन्सिल धरून हात बधिर झाला असेल.

दीड वर्षात एकाही माणसाने त्या डागाला बोट लावून विचारलं नाही, की बाई, इथे कळतं का?

किसणीच्या प्रकारानंतर मी आणि अविनाश एसटीने यवतमाळला गेलो. सरकारी दवाखान्यात त्वचेच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने डाग बघितला, कोपराच्या आतली नस बोटांनी चाचपली आणि मला डोळे मिटायला सांगितले. "मी पेनाचं टोक लावेन. जिथे लागेल तिथे डाव्या हाताचं बोट ठेवा."

मी डोळे मिटून बसले. एकदा लागलं, मी बोट ठेवलं. पुन्हा एकदा लागलं, ठेवलं. मग तिचं काही सुरूच होईना. मला वाटलं, कुणाशी तरी बोलत असेल, फोन आला असेल. बराच वेळ थांबून मी म्हटलं, "मॅडम, लावा ना."

"उघडा डोळे," ती म्हणाली.

डागभर आणि तळहातभर निळ्या शाईचे ठिपके होते. वीस-पंचवीस तरी असतील. एवढ्या वेळा तिने टोचलं होतं.

ती डॉक्टरीण चांगली होती. तिने आडपडदा न ठेवता नाव सांगितलं, आणि माझा हात हातात धरूनच सांगितलं. "हा पूर्ण बरा होतो. गोळ्या इथून मोफत मिळतात, वर्षभर न चुकता घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला लागण होत नाही. घरात सगळ्यांसोबत राहा, जेवा, झोपा." हे ती अविनाशकडेही बघून म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी विचारलं, "आणि हात?"

तिने पुन्हा कोपराची नस चाचपली. "नस सुजलेली आहे. त्याच्या वेगळ्या गोळ्या देते. व्यायाम करा. पण उशीर झालाय, ताई. परत किती येईल ते मी आज सांगू शकत नाही. वर्षभराने बघू."

मला रोगाची भीती तेवढी वाटली नाही. हाताची वाटली. ज्या हाताला नारळाची शेंडी आणि कापड यातला फरक कळत नाही, तो मुलांना काय शिकवणार? तीन बोटांत पेन्सिल धरली की ती फिरायची, आणि फिरली हेही मला दिसल्यावरच कळायचं.

अविनाशने डॉक्टरला एकच प्रश्न विचारला. "हे कोनाले सांगावं लागन का?"

परत येताना एसटीत तो माझ्याच बाकावर बसला. फक्त मधे पिशवी ठेवली.

घर

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, पंचाहत्तरीच्या आहेत. सासरे कोर्टात नोकरीला होते. घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीच्या, आणि त्याचा ताठा आईंच्या पाठीत अजून आहे. अविनाशने त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "महारोग? आपल्या घरात? काहून पन?"

पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र स्वयंपाकघरात आल्या, माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तू शेगडीजवळ येऊ नको. भाजलं तं तुले समजत नाही. मी करतो सगळं. तू नुसती ताटावर बस."

मला रडू आलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, या बाईने मला कधी वाढलं नव्हतं. आता रोज माझं ताट वाढून समोर ठेवू लागल्या. जेवण झालं की म्हणायच्या, "तुहं तूच घास, हाताले व्यायाम होईन." मला तेही बरोबर वाटलं. यवतमाळला होस्टेलवर राहणाऱ्या माझ्या मुलीला, गौरीला, मी फोनवर सांगितलं, "आजी बदलली गं." आज हे लिहिताना माझे कान गरम होतात.

शाळेत मी नसेचं दुखणं सांगितलं. गोळ्यांनी कातडी काळवंडते. तीन महिन्यांत माझा चेहरा असा झाला, की स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी विचारायचं, "मॅडम, काळ्या काहून पडल्या?" मी म्हणायची, ऊन लागलं. पावसाळ्यातही ऊन लागलं. फळ्यावर डाव्या हाताने काढायची. मुलांना ते फार आवडायचं, कारण आता मॅडमच्या रेघासुद्धा वाकड्या यायच्या.

रेणुका

दर महिन्याला आरोग्य केंद्रातून रेणुका यायची. जवळच्या तांड्यावरची, बंजारा, तिशीतली, स्कूटीवर फिरणारी, तोंडाने फटकळ. महिन्याचा पहिला डोस तिच्यासमोर घ्यायचा असा नियम. पहिल्यांदा आली तेव्हा तिने घरातल्या सगळ्यांची तपासणी काढली. अविनाशने गुपचूप शर्ट काढला. आई मात्र भडकल्या.

"मले काय झालं? मी काय तसल्या घरची हाव का?"

"आजी, रोग घर पाहून येत असता तं आमच्या तांड्यावरच राह्यला असता," रेणुका म्हणाली. "तो शिकलेल्यायच्या घरात बी येते. पाठ दाखवा."

आईंनी पाठ दाखवली, पण पुढचा तासभर भांडी आपटली.

रेणुका माझ्याकडे चहा मागायची. मी डाव्या हाताने द्यायला लागले की म्हणायची, "उजव्यानं द्या." मी कसाबसा कप पुढे करायची, चहा बशीत सांडायचा, ती बशीतला आधी प्यायची. एवढ्या एका गोष्टीसाठी मी महिनाभर तिची वाट बघायची.

दुसऱ्या महिन्यात तिने एक फडकं आणलं. तिच्या आजीच्या जुन्या काचळीचा, म्हणजे पाठ उघडी असते त्या त्यांच्या चोळीचा, बाहीचा तुकडा. त्यावर आरसे, कवड्या, आणि दोऱ्याचे टाके इतके दाट, की मूळ कापड कुठे दिसतच नव्हतं. "माह्या याडीनं दिला," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "डोळे मिटा अन् रोज सांगा, आरसा कोनता, कवडी कोनती, टाका कोनता. तुम्ही पोट्ट्यायले पिशवीत हात घालाले लावता न? आता तुमची परीक्षा."

मी अठरा वर्षं पोत शिकवते आहे. एवढ्याशा तुकड्यात इतका पोत मी कुठल्या चित्रात बघितलेला नव्हता, आणि माझ्या हाताला त्यातलं काही लागत नव्हतं. आरसा काय, कवडी काय, सगळं एकच. मी रोज सकाळी डोळे मिटून बसायची, चुकायची, आणि तुकडा उशीखाली सारायची.

घासलेले कागद

पेन्सिल तीन बोटांत राहत नव्हती, पण मुठीत राहत होती. म्हणून मी पाचवीच्या मुलांना देते तो व्यायाम स्वतःला लावून घेतला. वस्तूवर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून वरून घासायची. खालचा उंचसखलपणा आपोआप कागदावर उमटतो. नाण्यावर सगळ्यांनीच लहानपणी केलेलं असतं. मी घरातलं जे दिसेल ते घेतलं. सूप, चाळणी, पोळपाट, रेडिओची जाळी, आईंचा वेताचा पंखा. जे बोटांना कळत नव्हतं ते कागदावर येत होतं, आणि मला वेड्यासारखा आनंद व्हायचा. वाटायचं, बोटं नाहीत तर नाहीत, हे तरी आहे.

मग मला ताटांची कल्पना सुचली. आमच्याकडे स्टीलची चौदा-पंधरा ताटं आहेत, एकाच घडणीची. मला वर्गाला दाखवायचं होतं, की एकसारख्या वस्तूही वापरून वापरून वेगळ्या होतात. प्रत्येकीचे पोचे वेगळे, चरे वेगळे. म्हणून जेवण झालं, माझं ताट घासलं, की ते उपडं करून त्याच्या तळाचा कागद घ्यायचा, असं मी चार दिवस केलं. चार ताटं झाली.

रविवारी दुपारी ते चार कागद पलंगावर शेजारी शेजारी मांडले, फरक बघायला.

फरक नव्हता. तोच काठाजवळचा चंद्रकोरीसारखा पोचा, तेच तीन चरे. चारही कागद एकाच ताटाचे होते. पहिल्यांदा मी स्वतःलाच हसले, म्हटलं, काय योगायोग. मग पोच्याच्या बाजूला एक बारीक गडद टिंब दिसलं. मोहरीच्या दाण्याएवढं. ते पोच्यासारखं खोल नव्हतं, वर आलेलं होतं, म्हणून पेन्सिल तिथे जास्त काळी लागली होती. चारही कागदांवर, त्याच जागी.

मी स्वयंपाकघरात गेले. आई आतल्या खोलीत पडल्या होत्या. मांडणीतलं माझं सकाळचं ताट काढून उलटं केलं. तळाशी लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. गौरी सुट्टीत विसरून गेलेली तीच बाटली, तोच रंग. एक पेला काढला, खाली ठिपका. एक वाटी, तिलाही ठिपका. बाकीची सगळी ताटं मी एकेक करून उलटली. ती स्वच्छ होती.

पाच महिने. रोज दोन वेळा मी ते ताट हातात धरत होते, घासत होते, त्या ठिपक्यावरून माझी बोटं फिरत होती. डोळ्यांनी तो दुकानाची खूण समजून सोडून दिला असेल, बोटांना कळलं नाही. कागदाला कळलं.

स्टील फुटत नाही

अविनाश चहा पीत होता. मी ताट त्याच्यासमोर उपडं ठेवलं.

"आईंनी हे केलं, तुम्हाला माहीत होतं?"

त्याने ताटाकडे बघितलं, मग चहाकडे. "आईनं नाही. मीच लावलं."

"काय?"

"आईले डोळ्यानं नीट दिसत नाही न. ते म्हणे, हाताले लागन अशी निशानी करून दे. त्याईचं समाधान होते तं होऊ दे, म्हनून..." तो तहसीलमध्ये नोकरी करतो. फाइलवर खूण करावी तसं सांगत होता. "तुले वाईट वाटन म्हनून सांगतलं नाही."

मला वाईट वाटू नये म्हणून! मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाली होती? तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. सोबत जेवा, असं तुमच्याकडे बघून म्हणाली होती. ऐकलं होतं की नाही?"

"ऐकलं होतं."

"मग?"

"आई आहे ते. तिले कोन समजावन?"

पन्नाशीला आलेला माणूस, ऑफिसात चार जणांना दरडावणारा, आणि घरात आईच्या ताटाखालचं मांजर. मी ताट उचललं आणि फरशीवर आपटलं. स्टीलचं एक वाईट आहे, फुटत नाही. ते गोल गोल फिरत, खणखणत मोरीपर्यंत गेलं. आई उठून दारात आल्या.

"काय पडलं व?"

"माझं ताट," मी म्हटलं.

त्यांना कळलं. मला वाटलं, निदान मान खाली घालतील. त्या म्हणाल्या, "मंग? त्यात काय झालं एवढं? तुले खायले कमी केलं का? रोज वाढून देऊन राह्यली मी." आणि त्यांचंही खरंच होतं, रोज वाढत होत्या. माझ्या ताटात कधी तूप कमी पडलं नाही. त्याचाच मला जास्त संताप आला.

मी गौरीची बाटली शोधून काढली आणि मांडणीसमोर खाली बसले. डाव्या हाताने पटकन झालं असतं. पण मी ब्रश उजव्या हातात घेतला. काडीएवढा तो ब्रश, अंगठा आणि दोन बोटांत धरायचा, महिनोन्‌महिने जे होत नव्हतं नेमकं तेच. पहिल्या ताटावर ठिपका नाही, ओघळ झाला. दुसऱ्यावर ब्रश बोटांतून सटकला, साडीवर लाल रेघ आली. तिसऱ्यावर ठिपका मोठ्या लिंबाएवढा. मी थांबले नाही. ब्रश कसा धरलाय ते कळत नव्हतं म्हणून बोटांकडे बघत होते, त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते. सगळी ताटं, मग वाट्या, मग पेले, परात, वरणाचं पातेलं, पोळ्यांचा डबा. वाट्यांपर्यंत येता येता ठिपका आवळ्याएवढा झाला होता. पेल्यांना बोरांएवढा. शेवटी देवघरात गेले. ताम्हण, पळी, पंचपात्री. तीही सोडली नाहीत. पळीच्या खालचा ठिपका मोहरीच्या दाण्याएवढा आला, गोल आणि नेटका.

आई बघत उभ्या होत्या. "देवाले तरी सोड," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी जेवायला स्वतःसाठी ताट काढलं, सवयीने उलटं केलं, ठेवलं. दुसरं काढलं, उलटं केलं. तिसरं. मग न जेवता आत गेल्या. अविनाशने मांडणीतलं एक ताट घेतलं आणि त्यात वाढून घेतलं. मी त्याला शाबासकी दिली नाही. आई पुढचे नऊ दिवस पळसाच्या पत्रावळीवर जेवल्या. दहाव्या दिवशी पत्रावळी संपल्या आणि आणून द्यायला अविनाशने चक्क नाही म्हटलं. त्या दिवशी त्यांनी ताट घेतलं.

वर्ग

त्याच आठवड्यात मी मुख्याध्यापकांना आजाराचं नाव सांगितलं आणि डॉक्टरचं पत्र टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, "मॅडम, सुटी घ्या न. पालक काही बोलले तं?" मी म्हटलं, "त्यांना माझ्याकडे पाठवा." दोन मुलींच्या आयांनी मुलींना माझ्या तासाला बसवणं बंद केलं. त्यातली एक चांगलं काढायची. तिच्यासाठी मला अजून हळहळ वाटते आणि तिच्या आईचा अजून राग येतो. बाकीची मुलं बसली. एकाने विचारलं, "मॅडम, मंग आता तुम्हाले किसणी समजते का?" मी खरं ते सांगितलं, अजून नाही.

आता ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांना. तुमच्या अंगावर एखादा फिकट डाग असेल, जो खाजत नाही, दुखत नाही, आणि त्यामुळेच तुम्ही त्याच्याकडे लक्ष देत नाही, तर घरातल्या कुणाला तरी एक बॉलपेन द्या आणि डोळे मिटा. डागावर लावायचं, डागाबाहेर लावायचं. फरक वाटला, तर मलम देणाऱ्याकडे जाऊ नका. सरळ सरकारी दवाखान्यात जा. लाज वाटली तर लाजत जा, पण जा. माझं दीड वर्ष गेलं, त्यात माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. ती दोन्ही आता वळत नाहीत, त्यांना काही कळतही नाही. ती परत यायची नाहीत, असं डॉक्टरीण मागच्या वेळी म्हणाली.

अंगठा

ते ठिपके कुणी खरवडले नाहीत. माझं ताट अजूनही मी घासते, आता स्वतःच्या मर्जीने. घासून झालं की उपडं करायचं, ठिपका कुठे आहे ते पाठ असू नये म्हणून दोन-चारदा गरगर फिरवायचं, डोळे मिटायचे आणि अंगठा तळावरून फिरवायचा. रेणुकाचा काचळीचा तुकडा सकाळी, आणि हे जेवणानंतर. कितीतरी आठवडे हाताला नुसतं ताटाचं वजन कळायचं.

गोळ्यांचा शेवटचा महिना चालू होता. सकाळचं जेवण झालं होतं, मी मोरीशी बसले होते. अंगठा फिरत होता आणि एका जागी अडला. वाटलं, शीत चिकटलं असेल. डोळे उघडले. अंगठ्याखाली लाल ठिपका होता.

मी ओरडले असणार, कारण आई धावत आल्या.

"काय झालं? भाजलं का?"

"लागला," मी म्हटलं.

"काय लागलं?"

"ठिपका. तुमचा ठिपका. अंगठ्याला लागला."

माफी बिफी त्यांनी मागितली नाही, आजपर्यंत मागितलेली नाही. मागतील असं मला वाटतही नाही. मांडणीकडे गेल्या, त्यांनी सकाळी वापरलेलं ताट काढलं, पदराने तळ पुसला आणि माझ्यासमोर बसल्या.

"त्याच्यावरचा पाठ असन तुले," त्या म्हणाल्या. "हे घे. याच्यावर सापडते का पाह्य."

मी डोळे मिटले. ताट त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. माझा राग गेलेला नव्हता. ठिपका मात्र सापडला.